धुराचा खोकला

३ मार्च, सोमवार. सकाळी सव्वासहा.

शेण कालवत होतो. कोपरापर्यंत हात बरबटलेले, तेवढ्यात मिस्त्रीची हाक — "या शेठ, टाकीनं तोंड उघडलंय, घास भरवा!" पहिली बादली ओतली, हात धुतले आणि लगेच लिहायला बसलो. केव्हा सुरू केलं ते पुढे कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

एक बादली शेण, एक बादली पाणी. काडी, खडा, गवत काही राहता कामा नये. मिस्त्री म्हणतो, एवढं निवडून कुणाला जेवायला घालतोयस? पण मी निवडलंच.

जमिनीखाली विटांचा घुमट आहे, वर माती. अंगणात नुसता उंचवटा दिसतो. आत शेण कुजणार, गॅस घुमटात साठणार, नळीतून स्वयंपाकघरात येणार. मग चूल बंद. चूल बंद म्हणजे धूर बंद, आणि धूर बंद म्हणजे वहिनीचा खोकला बंद. एवढ्यासाठीच हे सगळं चाललंय. इथे लिहून ठेवतो, कारण दादाला वाटतं मला खेळणं हवं होतं.

४ मार्च.

आपल्या तीन गाईंचं शेण पहिल्या भरणीला पुरत नाही. टोपली घेऊन घरोघर फिरलो. समोरच्या काकूंनी दारातच अडवलं. (यांना सगळी आळी रेडिओकाकू म्हणते. सकाळी सहाला सुरू होतात.) "शेण मागायला आलास? बाई बाई! पैसे मागायला येतात ते पाहिलंय, हे नवीनच!" पण चार टोपल्या भरून दिल्या. वर विचारलं, वहिनी कशी आहे, कालपण खोकत होती.

म्हटलं, आता महिनाभराचा प्रश्न आहे.

७ मार्च, शुक्रवार.

टाकी भरली. पाठ धरली आहे.

दादा खडीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, आज चार दिवसांनी घरी आला. त्याच्या अंगावर खडीची भुकटी, खाली उतरला तरी ट्रकमध्ये बसल्यासारखा चालतो. उंचवट्यावर उभा राहिला, पायाने दोनदा आपटून पाहिलं. "मोटारसायकल पुरलीस की रे इथे!" मोटारसायकलसाठी मी पाच वर्षं साठवत होतो, हे त्याला ठाऊक आहे. मी हसलो. मग म्हणाला, सिलिंडरच आणायचास ना सरळ. मी म्हटलं सिलिंडरची गाडी मोठ्या रस्त्यापर्यंतच येते, आणि दर महिन्याचा खर्च तू देणार का? तो म्हणाला, "बरं बाबा, चालू दे तुझं."

वहिनी आतून हे ऐकत होती. हसायला लागली, आणि हसता हसता खोकला लागला. भिंतीला धरून उभी राहिली.

वहिनी या घरात आली तेव्हा मी तिसरीत होतो. आई नव्हती. शाळा आठवीत सुटली, पण लिहिणं सुटलं नाही, ते हिच्यामुळे. शिवणयंत्र चालवता चालवता शब्द सांगायची, मी पाटीवर लिहायचो. चुकलं की यंत्र थांबायचं. यंत्राचा आवाज थांबला की अजून मी काय चुकलं ते शोधायला लागतो.

९ मार्च.

मिस्त्री म्हणाला, तीन गाईंचं शेण काठावर आहे, संडासाची नळीपण टाकीत सोडू, भर पडेल, खूप जण करतात. मी हो म्हटलं. दोन तासांत जोडलीसुद्धा.

वहिनी तेव्हा शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. आल्यावर सांगितलं. तिने हात धुतले, परत धुतले. मग हळूच — "हे बाहेर नाही ना सांगायचं कुणाला?"

त्यात लपवण्यासारखं काय? आत गेल्यावर सगळं एकच. गॅसला वास उरत नाही, जंतू उरत नाहीत. हे मी तिला नीट समजावून सांगितलं. ती मान हलवत होती.

१३ मार्च.

गॅस नाही. मिस्त्री म्हणतो धीर धर.

१९ मार्च, बुधवार.

नळीत फुसफुस! काडी लावली — विझली. परत लावली — विझली. दूध केंद्रावर कामाला उशीर झाला तरी मिस्त्रीकडे पळत गेलो. तो दात घासत होता. म्हणाला, पहिला गॅस जळत नसतो, त्यात नुसती हवा असते, सोडून द्यायचा. हे आधी सांगायला काय झालं होतं? "आधी सांगितलं असतं तर तू आठ दिवस आधीपासून घाबरला असतास."

खरं आहे.

झडप उघडी ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो. कुणी काडी ओढू नये म्हणून. वहिनी म्हणाली, "अरे, मी काय आंधळी आहे? सांगितलंस ना एकदा." सहा वेळा सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं.

२२ मार्च. शनिवार.

जळला!! निळा! पूर्ण निळा, कडेला थोडा पिवळा. वहिनीने भात टाकला. झाकण उचलायला खाली वाकली आणि शेगडीत फुंकर मारायला निघाली. "सवयच झालीय रे. सारखी वाकते आणि वाकून करायला काही कामच नाही."

भात झाला. भांडं उलटं करून पाहिलं. काळं नाही. तिने बोट फिरवलं आणि मला दाखवलं — स्वच्छ.

मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो जरा वेळ. गाईंना काय कळणार, तरी थोपटलं तिघींना.

२८ मार्च.

आळीत नर्सबाई आल्या होत्या, घरोघर चौकशी करत. वहिनीला विचारलं, खोकला किती दिवस? तिने तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं — चुलीच्या धुराचा आहे, आता गॅस आलाय, कमी होतोय. संध्याकाळी ताप वगैरे? म्हटलं, दिवसभर यंत्रावर बसून अंग तापतंच. नर्सबाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने माझ्याकडे. "हो, कमी आहे तसा," म्हणाली.

नर्सबाईंनी शेगडी पाहिली आणि "छान केलंत हो," म्हणाल्या. बरं वाटलं.

२ एप्रिल.

आच कमी झाल्यासारखी वाटते. कदाचित मलाच वाटत असेल.

४ एप्रिल.

वाटत नाही, कमीच आहे. चहाला पूर्वीच्या दुप्पट वेळ. ज्योत पिवळी, उड्या मारते. झडप, नळी, सांधे सगळं तपासलं. शेण वेळेवर टाकतोय, पाणी मोजून टाकतोय. मी काय चुकतोय?

६ एप्रिल, रविवार.

विझला. संपलं.

वहिनीने चूल पेटवली. लाकडं ओली होती, सगळ्या घरात धूर. ती आत खोकतेय आणि मी बाहेर उंचवट्यावर बसलोय. बासष्ट हजारांच्या उंचवट्यावर.

८ एप्रिल.

मिस्त्री आला. साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्याला लावला. एकही बुडबुडा नाही. "बघ, माझ्या कामात खोट नाही." मग? गोठ्यात गेला, गाईंकडे बघत बसला. "गाईच आळशी आहेत तुझ्या. ह्यांचं शेणच मंद." वहिनीला हसू आलं, मला आलं नाही. मिस्त्री जाताना म्हणाला, उरलेली मजुरी तेवढी बघ.

दादा फोनवर म्हणाला, बुजवून टाक आणि वर भाजी लाव.

१० एप्रिल.

वहिनी यंत्रावर स्वतःचे कपडे आत घेत होती. दोन्ही बाजूंनी चांगले दोन-दोन बोटं. विचारलं तर म्हणाली, "सैल झालेत. काम नाहीये ना, मग आपलेच उसवून शिवायचे."

तेव्हा लक्षात आलं. काम नाहीये. पूर्वी दुपारभर बायका बसलेल्या असायच्या, मापं, चहा, गप्पा. गेले पंधरा दिवस कुणी बसलेलं पाहिलं नाही. एकदोघी आल्या त्या दारातूनच गाठोडं देऊन गेल्या.

विचारलं. "उन्हाचे दिवस आहेत," म्हणाली.

१३ एप्रिल, रविवार.

आज शोध लागला.

टाकीच्या तोंडाशी वाकून कालवण ढवळत होतो. शेणाला शेणाचा वास नाही! दवाखान्यासारखा वास. आधी वाटलं माझ्याच नाकाला झालंय. मग संडासात गेलो, तिथेही तोच वास, डोळ्यांत पाणी येईल इतका. मागच्या भिंतीशी पोत्याखाली फिनेलच्या रिकाम्या बाटल्या. ॲसिडच्याही. कितीतरी.

वहिनी कपडे वाळत घालत होती. मी बाटली हातात धरून उभा. माझा आवाज चढला, हे कबूल करतो. तिला म्हणालो, शेण कुजवणारे जंतू मेले सगळे! तूच मारलेस! हे सगळं कुणासाठी चाललंय?

तिने चिमटा लावला. दुसरा लावला. मग म्हणाली —

"मिस्त्रीने चहाच्या टपरीवर सांगितलं संडासाचं. तिथून रेडिओकाकूंना. नळावर माझ्यासमोर म्हणाल्या, आता हिच्याकडचा चहा कशावर उकळतो ठाऊक आहे ना! सगळ्या हसल्या. मीपण हसले. दुसऱ्या दिवसापासून एकही बाई चहा घेईना. तिसऱ्या दिवसापासून बसेना."

आणि मग — "वास येऊ नये म्हणून रोज धुत होते. भाऊजी, तुम्ही मला विचारलं होतंत का नळी जोडताना?"

ती मला एरवी 'अरे' म्हणते. भाऊजी म्हणाली की समजायचं.

मी सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.

१४ एप्रिल.

दूध केंद्रावर रजा टाकली. नळी उखडून काढली. संडासाला वेगळा शोषखड्डा घ्यायचा. मिस्त्रीला म्हटलं, टपरीवर बोलायला तोंड होतं, आता खणायला हात आण. आला बिचारा. अर्धी मजुरी घेईन म्हणाला. खाली मान घालून खणत होता. मग मध्येच, "पण गाई आळशी आहेत हे मी मागे घेत नाही."

या वेळी वहिनी हसली आणि मीपण.

१६ एप्रिल.

टाकीतलं जवळजवळ अर्धं उपसलं. थोडा चुना टाकला. दुसऱ्या गावात एक चालू टाकी आहे, तिथून दोन पिंपं ताजं कालवण आणलं, विरजणासारखं. आता परत वाट पाहायची. तोवर चूल.

वहिनीचा खोकला वाढलाय. चूल पेटली की मला राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

२३ एप्रिल.

नळीत फुसफुस. सोडून दिला. स्टूलवर बसलो नाही. (बसलो, पण थोडा वेळ.)

२ मे, शुक्रवार.

निळा! या वेळी ओरडलो नाही. वहिनीने चहा ठेवला. कप घेऊन ती सरळ रस्ता ओलांडून रेडिओकाकूंकडे गेली. मी खिडकीतून बघत होतो.

"घ्या काकू. नळी काढलीय, आता नुसतं गाईचं आहे. तुमच्याच चार टोपल्या आहेत त्यात, म्हणजे निम्मा चहा तुमचाच."

काकूंनी कपात पाहिलं. वास घेतला. परत वास घेतला. एक घोट. सगळी आळी दारात उभी.

"साखर कमी आहे," म्हणाल्या. आणि सगळा प्यायल्या.

७ मे.

आज स्वयंपाकघरात सात बायका! एकीने भांड्याचं बूड पाहिलं, एकीने नळी हुंगली, एकीने विचारलं स्फोट झाला तर? मी सगळं समजावून सांगितलं. दोन तास रोज लाकडं आणायला जायचे ते वाचतात. भांडी घासायला राख नको. टाकीतून बाहेर पडणारी रबडी वाफ्यात घातली तर टोमॅटो असे (मुठीएवढे दाखवले, खरं तर अजून लिंबाएवढेच आहेत). रेडिओकाकू म्हणाल्या, "आमच्याकडे चार गाई आहेत आणि चारही कामसू आहेत. मिस्त्रीला पाठव." जाताना दोघींनी वहिनीकडे मापं दिली. आत बसून दिली.

मिस्त्री म्हणतो सहा घरांनी विचारलंय. मला दलाली देणार म्हणाला. मी म्हटलं, आधी माझं देणं त्यातून वळतं कर.

१५ मे.

चूल फोडली. दादाने स्वतः फोडली, पहार घेऊन. मग दोघांनी मिळून भिंतीला चुना लावला. तीन हात द्यावे लागले, काळं वर येतच होतं. संध्याकाळी खोली इतकी पांढरी दिसायला लागली की आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. दादा म्हणाला, "मोटारसायकलवर काय, पाऊस पडला की भिजायलाच होतं." हे त्याचं बोलणं मला पुरेसं आहे.

१९ मे, सोमवार.

हे लिहावंसं वाटत नाही.

पंधरा दिवस झाले, घरात धूर नाही. एक कण नाही. खोकला आहे. कमी नाही, आहे तेवढाच. काल यंत्र मध्येच थांबलं म्हणून पाहिलं तर ती यंत्रावर डोकं टेकून बसली होती. कपडे परत आत घेतलेत.

इतक्या वर्षांचा धूर छातीत गेलाय. पंधरा दिवसांत निघेल कसा? वेळ लागणारच. टाकीलाही लागला.

२२ मे.

रेडिओकाकू आल्या, त्यांच्या टाकीची जागा ठरवायला. मी दोरी धरून माप घेत होतो. आत वहिनी खोकली. काकूंनी हात वर केला, मला थांबवलं आणि ऐकत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा गप्प पाहिल्या.

मग म्हणाल्या, "हा धुराचा खोकला नाही रे."

मी सांगितलं, पंधरा वर्षांचा धूर आहे, निघायला वेळ लागतो.

"धुराचा खोकला चुलीशी येतो. हिचा अंथरुणात येतो. सासऱ्यांच्या उशाशी दोन वर्षं बसलेय मी, मला खोकला नको शिकवूस."

म्हटलं, तुमचे सासरे म्हातारे होते.

"मग तपासून आणू या की. धूर असला तर धूर म्हणतील. तुझी टाकी कुठे पळून जातेय?"

२३ मे.

कामावरून आलो तर घराला कुलूप. वहिनी आणि रेडिओकाकू दोघी मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन आल्या. मला न सांगता! थुंकी दिली, छातीचा फोटो काढला.

मी म्हणालो, मला विचारायचं तरी, मी बरोबर आलो असतो, काय सांगायचं ते नीट सांगितलं असतं. वहिनीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"भाऊजी, खोकला माझा आहे. तुमची टाकी नाही."

मग स्वतःच बावरली. माझ्या ताटात जास्तीचा भात वाढला. ज्योत छान निळी होती.

२४ मे.

टाकीत शेण टाकलं. दुसरं काही लिहायला नाही.

२७ मे, मंगळवार. दुपारी साडेतीन.

टीबी आहे. डॉक्टर म्हणाले निदान वर्षभर अंगात असेल. धुराने त्रास वाढला असेल, पण हा धुराचा नव्हे. मी विचारलं, वर्षभर आधी आणलं असतं तर? ते लिहीत होते, बहुतेक ऐकू गेलं नाही. सहा महिने गोळ्या न चुकवता घेतल्या तर बरा होतो म्हणाले. उद्या मी आणि दादा, दोघांची तपासणी.

गॅसची टाकी, शेगडी, नळी — बासष्ट हजार.
संडासाचा वेगळा खड्डा — साडेचार हजार.
खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, वर्षभराच्या — एक हजार नऊशे.
मिस्त्रीचं देणं — सात हजार.
थुंकीची तपासणी, छातीचा फोटो — काही नाही.
गोळ्या, सहा महिने — काही नाही.